मधल्या कप्प्यातला वास

कांदा सडायला लागला की आधी तिला कळायचं, मग कांद्याला. असं शेजारची शिंपीण म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

सकाळी अंगण झाडून झालं की ती कांद्याच्या चाळीच्या टोकाला येऊन उभी राहायची. लाकडी पट्ट्यांची लांबलचक चाळ, जमिनीपासून हातभर उंच, खालून वारा, दोन्ही बाजूंनी वारा, वर पत्रा. आत कप्पे, आणि कप्प्याकप्प्यांत वर्षाचा कांदा भरलेला. हात मागे बांधून, नाक जरासं वर करून ती हळूहळू चालत जायची. मध्येच थांबायची.

"इथं. खाली, पट्ट्यांच्या अंगाला."

नवरा पट्टी उचकटायचा, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि नेमका मऊ पडलेला कांदा बाहेर काढायचा. एक सडका वेळेवर निघाला की शेजारचे शंभर वाचतात. ते घर तिच्या नाकावर चाललं होतं म्हणा ना.

"लोक नुसतं म्हणतात," सासू सांगायची, "आमची सून खरंच नाकानं कांदे सोलते." हे कौतुक की टोमणा, हे म्हातारीला स्वतःलाही नक्की ठाऊक नसावं.

नवऱ्याला सगळे हूंराव म्हणत. जेवायला वाढू का? हूं. पोरीचा फोन आला होता. हूं. पत्रा गळतोय. हूं. भांडण नाही, राग नाही, नुसतं हूं. त्याच्या वाटणीचं बोलणंही तीच बोलायची. व्यापारी दारात आला की ती म्हणायची, "हे म्हणतात, अजून आठवडाभर थांबू." आणि आपण काय म्हणतो हे ऐकायला तो तिच्याकडे टक लावून बघायचा.

त्या वर्षी हवा बिघडली. वारा पडला तो पडलाच. आभाळ पत्र्याला टेकल्यासारखं खाली आलेलं, पण पडत काही नव्हतं. दोरीवरचे कपडे वाळेनात. मीठ पाणी सोडायला लागलं. माणसं बसल्या जागी घामेजून जात. अशा हवेत कांदा नुसता बसून राहिला तरी नशीब.

आणि एका सकाळी तिला वास आला.

नेहमीचा नव्हे. गोडसर, कुजका, आणि त्याच्या कडेला काहीतरी जळल्यासारखं. झोका खाली येताना पोटात जसं होतं तसं झालं. ढगाच्या फटीतून आलेलं ऊन पट्ट्यांमधून कांद्यांवर पडलं होतं, आणि एकेक कांदा आतून पेटवल्यासारखा दिसत होता. तिला वाटलं, हे सगळं आधी झालंय. हेच ऊन, हाच मी टाकलेला पाय, आता मागून सासू खोकणार. मागून सासू खोकली. मग वास गेला. जणू कुणी दार ओढून घेतलं.

"मधला कप्पा गेला," ती म्हणाली.

मधला कप्पा रिकामा केला. पाट्याच्या पाट्या अंगणात ओतल्या. ती, नवरा, सासू, शिंपीण, सगळे वाकून बसले. कांदा हातात घ्यायचा, मान दाबायची, बूड बघायचं, बाजूला टाकायचा. एकही सडका निघाला नाही. वाळका, घट्ट, खणखणीत माल.

"सर्दी झालीय का गं तुला?" शिंपिणीनं विचारलं.

"शेजारच्या कप्प्यात असेल," ती म्हणाली. कारण वास पुन्हा आला होता, आत्ता, अंगणात बसल्याबसल्या.

शेजारचा कप्पा काढला. त्यातही काही नाही. मग त्याच्या पलीकडचा.

"अगं, कोंबडीसारखं सगळं उकरून काढणार आहेस का?" सासू कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "तू तरी सांग रे तिला."

हूंरावनं पाटी उचलली. "तिनं सांगितलंय," तो म्हणाला, आणि पुढच्या कप्प्याची पट्टी उचकटली.

त्याच्या मानानं हे भाषणच होतं. सगळी चाळ रिकामी झाली.

आता हे कांदेवाल्याला सांगावं लागत नाही, की एकदा बसलेला कांदा हलवू नये. हलवला की पापुद्रा सुटतो, एकमेकांवर आपटून अंगाला मार लागतो, आणि त्या मारातून ओल आत शिरते. तिलाही ते माहीत होतं आणि त्यालाही. पण तिचं नाक कधी चुकलं नव्हतं. न चुकणाऱ्या माणसाची चूक धरायची कशी, हे त्या घरात कुणाला शिकायची वेळच आली नव्हती.

माल परत भरला आणि त्याच दमट हवेत तो खरोखर सडायला लागला. आता वास सगळ्यांनाच येत होता. रोज सकाळी पाट्या भरभरून उकिरड्यावर जात. शेणात, मातीत, काळं पाणी गळत. तिच्या नखांमधून ते निघत नसे. रस्त्यानं जाताना कुणीतरी हाक मारून म्हणालं, "काकू, आमच्याकडंही या एकदा वास घ्यायला. आमचंही चांगलं चाललंय, जरा बिघडवून द्या." लोक हसले. तीही हसली. घरी येऊन तिनं नाक चोळचोळून धुतलं, लहान पोराचं धुवावं तसं.

उरलेला माल निवडत सगळे बसले होते तेव्हाची गोष्ट. ती शिंपिणीला काहीतरी सांगत होती आणि मध्येच थांबली. हातात कांदा तसाच. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हते. ओठ चघळल्यासारखे हलत होते.

"काय खातेस गं?" शिंपीण म्हणाली.

तिला लांबून ते ऐकू आलं, विहिरीच्या तळाशी बसून काठावरचं ऐकावं तसं. ती चाळीत चालत होती. चाळ संपत नव्हती. कप्प्यापुढे कप्पा, आणि प्रत्येकात ऊन भरून ठेवलेलं, कांदे नाहीतच. कुणीतरी तिच्यापुढे चाललं होतं, ओळखीच्या पाठीचं. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि नाव सापडेना.

मग ती आडवी झाली. कांद्यांच्या ढिगातच. हातपाय आखडले, दातखीळ बसली. सासू कांदा फोडून नाकाला लावायला धावली, आणि हूंराव, ज्याचा आवाज कुंपणापलीकडे कधी कुणी ऐकला नव्हता, तो असा ओरडला की रस्त्यावरचा टेम्पो थांबला.

लेक शहरातल्या बसवर कंडक्टर होती. ती गणवेशातच दवाखान्यात आली, गळ्यात पैशांची पिशवी तशीच.

"आई, रांग, कागद, सगळं माझ्याकडं. तू नुसती बस."

"तिकीट काढलंस का?"

"तुला पास आहे." लेकीनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग ती रांगेत जाऊन उभी राहिली.

तिला एका अरुंद पाटावर झोपवून नळीत सरकवलं. हलायचं नाही म्हणाले. आत ठोकाठोक सुरू झाली, पत्र्यावर कुणी खिळे मारतंय अशी. तिनं डोळे मिटले. बरोबर आहे, ती मनाशी म्हणाली, पत्रा गळत होता, हे दुरुस्त करतायत. आणि त्या आवाजात तिला डुलकी लागली.

डॉक्टरीण बाई तिच्या लेकीहून थोडीच मोठी असेल. पडद्यावर डोक्याचं चित्र लावून तिनं पेन्सिलीचं टोक डाव्या बाजूला टेकवलं. कानाच्या आत, लिंबाएवढं पांढरं.

"ही गाठ. तुम्हाला जो वास येतो, तो इथून येतो. बाहेर काही नसतं."

ती चित्राकडे वाकली. "म्हणजे कांदा चांगला होता."

"कुठला कांदा?"

"आमचा. चांगला होता तो." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत का? चाळीत काही नव्हतं. माझ्यात होतं."

हूंरावनं मान खाली घातली.

गाठ काढायलाच हवी होती, त्यात निवड नव्हती. निवड पुढे होती. गाठ वाईट जातीची दिसत होती आणि तिच्या कडेला बोलण्याची जागा होती, अगदी भिंतीला भिंत लागून. डॉक्टरीण बाईनं सरळ सांगितलं. सगळी खरवडून काढली तर जास्त दिवस मिळतील, पण बोलणं जाण्याची भीती आहे. बोलणं सांभाळून काढली तर थोडी मागे राहील आणि कधीतरी परत डोकं वर काढेल. शस्त्रक्रियेत मध्ये तिला जागं करतील, बोलतं ठेवतील, म्हणजे कुठवर जायचं ते कळेल. "पण तुमचं म्हणणं मला आधी हवं. घरी बोला, सकाळी सांगा."

घर लांब होतं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, धोबीघराजवळ एक बाक होता, तिथं दोघं बसली. धुतलेल्या चादरी दोरीवर लटकत होत्या. वारा सुटला होता, इतक्या दिवसांनी. चादरी पोटं फुगवून उठत, परत खाली बसत.

"आता वारा सुटलाय," ती म्हणाली. "चाळीत कुणी नाही बघा."

"हूं."

चादरी उठल्या, बसल्या.

"सगळं काढू दे," हूंराव म्हणाला.

"आणि बोलणार कोण?"

"न बोलता चालतं."

"तुमचं चालतं. माझं नाही चालत."

तो बुटाच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिला. मग म्हणाला, "मला चालेल. तू नुसती असलीस तरी."

असं तो आजवर कधी बोलला नव्हता. तिला एकदम गलबलून आलं आणि त्याच दमात रागही आला. "इतकी वर्षं मुक्या माणसाबरोबर संसार केलाय मी," ती म्हणाली. "काय असतं ते मला विचारा. भिंतीशी बोलायचं, भिंतीचं उत्तर आपणच द्यायचं. तुम्हाला जमायचं नाही ते. आठ दिवसांत वेड लागेल."

"शिकेन."

"काय शिकाल? मी वाढलं की मी काय म्हणते ते ओळखायला?" तिनं नाक ओढलं. "दोघंही हूं हूं करत बसलो तर त्या म्हातारीनं काय करायचं? शिंपीण तर यायचीच बंद होईल."

तो हसला. हसता हसता त्यानं तोंडावर हात घेतला आणि तो हात बराच वेळ काढला नाही.

"बोलणं ठेवा म्हणून सांगते मी," ती चादरींकडे बघत म्हणाली. "उरेल तेवढं बोलून घेऊ."

सकाळी न्हाव्यानं तिचं डोकं भादरलं. सासू फोनवरून म्हणाली, "बरं झालं, उवा शोधायचा ताप गेला," आणि मग फोनवर नुसता श्वास येत राहिला. लेकीनं आईच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. "नवा कांदा दिसतेस," ती म्हणाली.

"वाळवून ठेव म्हणजे झालं."

पांढरे दिवे मागे मागे सरकत गेले. थंड खोली, हिरवी कापडं. कुणीतरी म्हणालं, आता गाढ झोपा, मग उठवू. ती पाण्यात खडा बुडावा तशी बुडाली.

उठवलं तेव्हा ती एका कापडी तंबूत होती. डोकं कशात तरी घट्ट धरलेलं. दुखत नव्हतं. नुसतं कुठंतरी, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात, काम चालल्यासारखं वाटत होतं. तंबूच्या तोंडाशी एक मुलगी बसली होती, तोंडाला पट्टी, डोळे हसरे.

"काकू, मी चित्रं दाखवते. काय आहे ते सांगायचं."

"सांगते की."

"हे?"

"छत्री."

"हे?"

"किल्ली. कुलूप कुठाय तिचं?"

मागून कुणीतरी हसलं. डॉक्टरीण बाईचा आवाज आला, "छान. बोलत राहा."

घोडा. कात्री. शिडी. चप्पल. चित्रं येत होती आणि शब्द आपापल्या कप्प्यातून आपणहून बाहेर येत होते. तिला मजा वाटायला लागली. आपल्या डोक्यात एवढा माल भरलाय हे तिला ठाऊकच नव्हतं. झोप आणि जाग यांच्यामधल्या पट्टीवर ती बसून होती, पाय खाली सोडून.

आणि वास आला.

गोडसर, कुजका, जळका. पोटात झोका खाली आला. तंबूचं हिरवं कापड उजळत गेलं, त्याला पट्ट्या पडल्या, पट्ट्यांमधून ऊन आलं.

"इथंच," ती म्हणाली. "वास इथंच आहे. मधला कप्पा."

"वास येतोय? आत्ता?" डॉक्टरीण बाईनं विचारलं.

"आलाय. काढा तो."

ती चाळीत होती. पुढे चाललेली ती ओळखीची पाठ थांबली होती. तिच्या हातात पाटी होती आणि ती वाकून एकेक काही उचलत होती, घाई न करता, निवडून. ऊन कमी कमी होत गेलं. वास विरत गेला, धूर उंच जाऊन दिसेनासा व्हावा तसा. इतकं बरं वाटलं तिला, की तिला तिथंच बसून राहावंसं वाटलं. कुणी उठवू नये. कांदे नाहीत, काम नाही, वारा छान.

"काकू, हे काय आहे?"

तिनं डोळे उघडले. चित्रात गोल काहीतरी होतं. लालसर, वर शेंडी, खाली मुळ्या.

ती बघत राहिली. तोंड उघडलं. काही आलं नाही.

"काकू?"

"ते," ती म्हणाली. "ते आमचं आहे."

"हो, पण काय म्हणतात त्याला?"

"आमच्या घरी असतं. खूप असतं." डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. "आमचंच आहे हो ते."

"थांबा," डॉक्टरीण बाईचा आवाज आला. "इथं हात नाही लावायचा." मग थोडा वेळ नुसती यंत्रांची टिकटिक. "आता सांगा बघू."

"कांदा," ती म्हणाली. "कांदा, कांदा. अगं बाई, कांदा आहे तो."

तेवढा भाग आत राहिला.

घरी आली तेव्हा डोक्यावर टाक्यांची वळणदार रेघ होती आणि बोलणं जागच्या जागी होतं. गेलं होतं ते नाक. साबण, रॉकेल, उकिरडा, कशाकशाचा वास येत नव्हता. औषधं, किरणं, उलट्या, पुन्हा औषधं, असं करत हिवाळा गेला. घरी सोडताना डॉक्टरीण बाईनं बजावलं होतं, तो जुना वास परत आला तर उशीर न करता निघून या.

नवा कांदा निघाला आणि चाळ भरली. शिंपिणीनं तिच्यासाठी काळी कापडी टोपी शिवून आणली, दोन्ही बाजूंना कान झाकणारी. "पळून जाऊ नये म्हणून दोरी लावलीय," ती म्हणाली. सकाळी हूंराव चाळीच्या टोकाला खुर्ची ठेवायचा, तिला धरून आणून बसवायचा, आणि हात मागे बांधून, नाक वर करून स्वतः चालत जायचा.

"काय येतंय?" ती खुर्चीवरून विचारायची.

"हूं."

"हूं म्हणजे कसा वास? मला काय कळणार?"

तो थांबून विचार करायचा. कपाळाला आठ्या. "ओल्या पोत्यासारखा."

"ओलं पोतं म्हणजे कसं, घट्ट का पातळ?"

"पातळ. पण... शिंपिणीकडं इस्त्री तापल्यावर येतो ना, तसा. जरा कमी."

"मग ठीक आहे. पुढं चला."

पहिल्यांदा त्याला शब्दाशब्दाला घाम फुटायचा. मग सवय झाली. पुढच्या कप्प्याला जुन्या छत्रीसारखा वास होता. त्याच्या पुढच्याला काहीच नाही, नुसता थंड. एकदा तो म्हणाला, पोरगी लहान असताना तापातून उठली होती तेव्हा तिच्या अंगाला यायचा तसला. इतक्या वर्षांपूर्वीचा तो वास त्याच्याही ध्यानात आहे हे तिला माहीत नव्हतं.

"तोंड फुटलंय आमच्या पोराला," सासू आत भांडी घासता घासता म्हणायची. "आता बंद कसं करायचं ते सांगा कुणीतरी."

मग एक सकाळ आली. हवा कोरडी, वारा बेताचा, कांद्याला हवी तशी. ती खुर्चीवर बसली होती. तो पहिल्या कप्प्यापाशी पोचला नव्हता एवढ्यात झोका खाली आला. पट्ट्यांमधलं ऊन कांद्यांवर चढलं, एकेक कांदा आतून पेटला. जिला जळत्या रॉकेलचाही वास येत नव्हता तिला वास आला. गोडसर, कुजका. लांबून, आपल्या माणसानं दारात उभं राहून हाक मारावी तसा.

तिनं खुर्चीचे हात धरले. वास गेला. अंगण परत जागेवर आलं.

हूंराव वळून तिच्याकडे बघत उभा होता.

"काय गं?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण बोलणं त्यासाठी ठेवलं नव्हतं.

"मधला कप्पा," ती म्हणाली.

त्यानं पाटी उचलली नाही, पट्टीला हात लावला नाही. तो मधल्या कप्प्यापाशी गेला आणि तोंड पट्ट्यांना टेकवून उभा राहिला. पाठ तिच्याकडे. ती पाठ ओळखीची होती. खांदे एकदा वर गेले, खाली आले.

मग तो परत आला आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसला. डोळे लाल झाले होते.

"जायला हवं पोरीकडं," तो म्हणाला. "फोन करतो. दुपारची बस धरू."

"धरू. आधी सांगा."

"काय?"

"काय येतंय ते. चाळ बघायची राहिलीय."

त्यानं बाहीला नाक पुसलं.

"मधला चांगला आहे," तो म्हणाला. "वाळक्या पानांसारखा येतोय. वरच्या पत्र्याला भोक पडलंय, तिथून ऊन येतं, तेवढ्या जागेचा कांदा जरा गरम आहे, त्याचा वेगळा येतो. भाजल्यासारखा. वाईट नाही. खाली मांजर व्यालंय. त्याचाही येतोय दुधाचा, मी तुला सांगणार होतो. तीन पिल्लं आहेत, एक अगदी तुझ्या टोपीसारखं काळं."

"हूं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

तो पुढच्या कप्प्याचं सांगायला लागला.